शितोळे बाईंची भिंत

आमच्या कॉलेजातल्या सात नंबरच्या खोलीची मागची भिंत मी रंगवली. स्वतःच्या हातांनी नव्हे, इतकं कष्टाचं काम मी हल्ली करत नाही. पण रंगाऱ्यानं "ती पण मारू का?" असं विचारल्यावर "मारा" म्हणणारा मीच. आणि त्या भिंतीवर जे होतं ते कुठं गेलं, असं पुढे मोठ्या माणसांनी विचारलं, तेव्हा एका निवृत्त बाईंचं नाव सांगणाराही मीच. तोपर्यंत मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांना 'ऐतिहासिक साधनांची विश्वासार्हता' हे प्रकरण दर वर्षी मी शिकवतो. मुलं लिहून घेतात. बिचारी.

त्या निवृत्त बाई म्हणजे शितोळे बाई.

त्यांना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. "मॅडम म्हटलं की वाटतं, कुणीतरी विमा विकायला आलंय," असं त्या म्हणायच्या. अंगानं किरकोळ, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून नवी मुलं पहिल्या दिवशी हसायची. दुसऱ्या दिवशी त्यांना कळायचं की बाई चाकणच्या पलीकडच्या आपल्या गावाहून पायी येतात, आणि हसणं बंद व्हायचं. पूर्वी ती वाट शेतांमधून सरळ होती. मग एकेक कंपनी आली, एकेक कुंपण पडलं आणि बाईंना वळसे घालावे लागले. "घर तिथंच हाय, कॉलेज तिथंच हाय, आन् मधलं अंतर दीड किलोमीटरनं वाढलं," त्या सांगायच्या. "भूगोलाच्या सरांना इचारा, असं कुठं घडतं का."

वर्गात शिकवताना त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असे. खडू खाली ठेवला की ती गावाकडं परतायची. खरं काही बोलायचं असेल तर त्या खडू खाली ठेवायच्या, हे आम्हाला लवकरच समजलं.

कॉलेजविषयी सांगायला हवं, कारण ते नसतं तर बाई कुठं मावल्या असत्या कोण जाणे. परिसरात कारखाने उभे राहत होते, आयटीआय निघत होत्या, आणि चार गावकऱ्यांच्या डोक्यात आलं की आपण आर्ट्सचं कॉलेज काढू. कारण साधं होतं: मुलींना पुण्याला कोण पाठवणार? पहिली वर्षं ते बटाट्याच्या रिकाम्या गोदामात भरलं. जुनी मंडळी सांगतात की तत्त्वज्ञानाच्या तासाला अजून मोड आलेल्या बटाट्यांची आठवण येते. मी आलो तेव्हा बारा खोल्यांची इमारत झाली होती, पण वेळ जुनीच होती. सकाळी पावणेसात. तिसरी शिफ्ट सुटली की कंपनीची बस साडेसहाला नाक्यावर सोडायची, म्हणून.

त्या बसमधून उतरणाऱ्यांत मी होतो. लातूरकडून आलेला, पत्र्याचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर, अंगात निळा युनिफॉर्म, डोळ्यांत झोप. "आर्ट्स म्हणजे चित्रं काढतो का रे?" असं आमचा सुपरवायझर विचारायचा. "बीए करून काय करणार राव, वाढपी होणार?" मी सांगायचो, सर, प्राध्यापक होणार. तो इतका हसायचा की त्याला मशीनचा आधार घ्यावा लागायचा. आता मागे वळून बघताना वाटतं, त्याचं फार चुकत नव्हतं.

शेवटचे तीन बाक आम्हा तिसऱ्या शिफ्टवाल्यांचे. तिथं झोपलेल्याला उठवायचं नाही, हा बाईंचा नियम. "झोप. परीक्षेला तेवढा जागा ऱ्हा." आणि कुणी झोपलं की त्या आवाज खाली आणायच्या. सगळा वर्ग पुढं झुकायचा. पानिपतची लढाई आम्ही कुजबुजीत शिकलो. घोडी, तोफा, धूळ, सगळं हलक्या आवाजात, कारण मागं एक वेल्डर झोपला होता. अजूनही ती लढाई मला मोठ्या आवाजात शिकवता येत नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, कुठं कामाला आहेस. मी कंपनीचं नाव सांगितलं.

"तुझ्या मशीनखाली काय आहे?"

"फाउंडेशन, बाई."

वर्ग हसला. बाई नाही हसल्या. त्यांनी खडू खाली ठेवला. "त्याच्या खाली? कुणाचं शेत व्हतं? काय पिकायचं? त्या शेताचं नाव काय व्हतं? आठ दिवसांत सांगायचं. कागदावरचं नको, मानसाच्या तोंडचं पायजे."

शेताला नाव असतं हे मला माहीत होतं. आमच्याही शेताला होतं. पण कंपनीखाली शेत असेल हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी सिक्युरिटीला विचारलं, तो बिहारचा. एचआरला विचारलं, त्यांनी मला संशयानं बघून वरिष्ठांना कळवलं. शेवटी गेटसमोर भाजी विकणाऱ्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "ही व्हय? ही गाढवलोळी. कुंभाराची गाढवं लोळायची हितं. हुलग्याबिगर काय यायचं न्हाई."

मी वर्गात हे सांगितलं, आणि माझं नाव पडलं.

कारण बाई हजेरी अशीच घ्यायच्या. विद्यापीठाच्या पत्रकावर तुमचं नाव काहीही असो, बाईंच्या तोंडी तुम्ही तुमच्या मशीनखालचं शेत. माझ्या शेजारचा जाधव 'चिंचमळा' होता. पुढच्या बाकावरची कांबळे, जी एका औषध कंपनीत पॅकिंगला होती, ती 'तळ्याची पट्टी'. एक जण तर 'मोहोरबन' होता आणि त्या जोरावर त्याचं लग्न जमलं असा आमचा समज होता. मी तीन वर्षं गाढवलोळी. पुढे याच कॉलेजात लेक्चररच्या मुलाखतीला आलो, बाहेर आठ-दहा उमेदवार टाय लावून बसलेले, आणि दार उघडून बाई म्हणाल्या, "गाढवलोळी, आत ये."

ही नावं भिंतीवर जायची. सात नंबरच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर बाईंनी तांबडी काव आणि नीळ घेऊन परिसराचा नकाशा काढायला सुरुवात केली होती, माझ्याही आधी. ओढे निळे, रस्ते कावेचे, प्रत्येक कंपनी म्हणजे एक चौकोन. चौकोनात कंपनीचं नाव लिहायचं नाही. शेताचं नाव, पीक, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव. ते लिहायचं त्या विद्यार्थ्यानं, स्वतःच्या अक्षरात. दर वर्षी दहा-वीस चौकोन वाढायचे. नकाशा आधी खिडकीपर्यंत गेला, मग खिडकीला वळसा घालून दारापर्यंत. माझ्या अक्षरात त्या भिंतीवर लिहिलं होतं: 'गाढवलोळी. हुलगे. सांगणार: गेटसमोरच्या भाजीवाल्या मावशी.' माझं प्रकाशित झालेलं ते पहिलं लेखन. नंतरचं त्यापेक्षा लांब आहे, पण चांगलं नाही.

एकदा एक विद्यार्थी एका म्हाताऱ्यांना घेऊन आला. त्यांचीच जमीन गेली होती आणि त्यानंतर ते त्या बाजूला फिरकले नव्हते. ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "हितं हीर व्हती. हीर कुठाय?"

बाईंनी मुलाला निळीची वाटी दिली. त्यानं विहिरीचा गोल काढला.

"न्हाई, वाईच वर. बांधाच्या कडंला."

गोल पुसून वर काढला. म्हातारे "आता बरुबर" म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. बाई त्या दिवशी पुढं काही शिकवू शकल्या नाहीत. म्हणाल्या, "आज एवढंच. आज इतिहास झाला."

अजून एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्यावर माझी सुटका नाही.

बाईंच्या वर्गात 'सॉरी' चालत नसे. "सॉरी म्हंजे काय सांगितलंस? काईच न्हाई. काय केलंस ते सांग." उभं राहायचं, आपण काय केलं ते सरळ वाक्यांत बोलायचं. त्यात 'पण' नको, 'जर' नको. आणि ज्यांच्यासमोर केलं असेल त्यांच्यासमोर बोलायचं. हा नियम त्यांनी एका प्राचार्यांनाही लावला होता, आणि प्राचार्यांनी तो पाळला होता.

स्वतःलाही लावला. एका चाचणीत कांबळेची उत्तरं शेजारणीसारखी आली, म्हणून बाई तिला भर वर्गात बोलल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, नक्कल शेजारणीनं केली होती. बाई आल्या, हजेरीही न घेता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काल मी तळ्याच्या पट्टीला चोर म्हणाले. तिनं चोरी केली नव्हती. मी न बघता बोलले." मग खुर्चीत बसून त्यांनी हजेरी घेतली. कांबळे रडायला लागली, तर म्हणाल्या, "तू कशाला रडतीस? चूक माझी हाय."

मी तेव्हा मागच्या बाकावर जागा होतो. हे मी पाहिलं होतं. कुणी दाखवलं नाही, कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि इतिहास विभाग माझ्याकडे आला. दोन वर्षांनी मूल्यांकनाची समिती येणार ठरलं. मी समन्वयक. समन्वयक होणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. सहा महिने मी फायली जेवलो. अहवालात 'उत्तम उपक्रम' म्हणून एक रकाना होता. त्यात मी मोठ्या अभिमानानं शेतांच्या नावांचा नकाशा लिहिला. 'भव्य' हा शब्द वापरला. 'उपक्रम समन्वयक' म्हणून स्वतःचं नाव घातलं. बाईंचं नाव घालायला रकाना नव्हता, अशी मी स्वतःची समजूत काढली. रकाना होता, लहान होता.

समिती यायच्या आठवड्यात सगळ्या कॉलेजला फिकट बदामी रंग लागत होता. मी कॉरिडॉरमध्ये फोनवर पुष्पगुच्छांविषयी भांडत होतो. रंगारी आला. "सर, सात नंबरच्या मागच्या भिंतीवर काय काय लिवलंय. ती पण मारू का?"

मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "सगळं मारा. एकसारखं दिसलं पाहिजे."

ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. कळायला दुसरा दिवस उजाडला. सात नंबरमध्ये शिरलो, आणि भिंत बदामी होती. अगदी एकसारखी. रंगाऱ्यानं काम चोख केलं होतं, दोन हात.

समितीच्या अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला होता, हे माझं दुर्दैव. कुणी वाचत नाही म्हणतात. "तो नकाशा बघायचाय आम्हाला," त्या म्हणाल्या. समोर प्राचार्य, ते नवीनच आलेले, त्यांना काही माहीत नव्हतं. माझ्या मागे दोन जुने सहकारी, त्यांना सगळं माहीत होतं. आणि माझ्या तोंडून आलं, "तो कापडावर होता. शितोळे बाई निवृत्त होताना घेऊन गेल्या."

सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तास-दीड तासानं प्राचार्यांनी मला बोलावलं. "हे बरोबर नाही. कॉलेजची वस्तू आहे. त्यांना पत्र पाठवू. मसुदा तुम्हीच करा, तुमचं मराठी चांगलं आहे."

मी केला. 'आपण निवृत्तीसमयी सोबत नेलेला नकाशा महाविद्यालयाकडे परत करावा, ही नम्र विनंती.' शुद्धलेखन तपासलं. पोस्टात टाकलं.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ. 'भिंत माझ्याकडे नाही. शितोळे.'

प्राचार्यांना त्याचा अर्थ लागला नाही. "वय झालं असेल," असं म्हणून त्यांनी ते फाईलला लावलं. मीही लावू दिलं.

यानंतर तीन वर्षं मी काय केलं, तर माफी मागायचं ठरवलं. दर दिवाळीला ठरवलं. एकदा त्यांच्या गावाच्या फाट्यापर्यंत गेलो आणि गाडीत हवा कमी आहे असं वाटून परतलो. गाडीत हवा भरपूर होती. कांबळे आता चिंचवडला एका शाळेत शिकवते. ती एक दिवस रस्त्यात भेटली, म्हणाली, "अरे, सात नंबरची भिंत दाखवायला मुलीला आणू का?" मी "सध्या काम चालू आहे" म्हणालो. पुढच्या रविवारी मी बाईंच्या घरी गेलो. सोबत पेढे नेले. पेढे कशासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

बाई ओट्यावर सुपात हुलगे निवडत होत्या. पायांत तेच बूट. शेजारी त्यांचे थोरले भाऊ पेपर वाचत होते.

"ये, गाढवलोळी. तुझंच पीक हाय," त्या म्हणाल्या.

मी बसलो आणि म्हणालो, "बाई, माझ्याकडून काही चुकलं असेल तर..."

"असंल तर?" त्यांनी सूप थांबवलं. "म्हंजे नक्की न्हाई व्हय अजून?"

मग मी सगळं सांगितलं. रंगारी, फोन, अध्यक्षबाई, पत्र. अडखळत, मधूनमधून 'पण' घालत. भाऊंनी पेपर खाली ठेवला होता. बाईंनी मध्येच विचारलं, "आरं पन चौदा फुटी भिंत मी नेली कशी म्हनं? टेम्पो केला का पिशवीत घातली?" आणि त्या हसल्या. मलाही थोडं हसू आलं आणि हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"तुझं पत्र ह्यांनी वाचलं," भावाकडे बघत त्या म्हणाल्या. "मला म्हनले, सुमन, लोकांचं काय घेतलं असलं तर देऊन टाक. सख्खा भाऊ. तवा मी जेवले न्हाई."

भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "शिक्का व्हता ना वं कॉलेजचा."

मी हात जोडले. बाईंनी मान हलवली. "मला काय सांगतोस? मला म्हाईतच हाय. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांग. आन् ती भिंत काय माझी व्हती व्हय? ज्यांची ज्यांची व्हती त्यांच्यापुढं सांग."

पेढे त्यांनी ठेवून घेतले. हुलग्याची शेंगोळी खाऊ घातली. मी जेवलो.

जुन्या विद्यार्थ्यांना गोळा करायला मला दोन महिने लागले. ग्रुप काढला, निरोप पाठवले: आपल्या शेताचं नाव आठवत असेल त्यांनी सात नंबरला यावं. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही, तेवढी हिंमत मी त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. शेकडो चौकोनांपैकी चाळीसेक माणसं आली. मोहोरबन आला नाही, तो आता दुबईला असतो. चिंचमळा आला, टक्कल पडलेला, आणि येताच त्याचं कुणाशी तरी ओढा डावीकडं होता की उजवीकडं यावरून वाजलं. ते दोन सहकारी होते. प्राचार्य होते. बाईंचे भाऊ धुतलेली टोपी घालून पहिल्या बाकावर बसले होते. रंगाऱ्यालाही मी बोलावलं होतं. तो कोपऱ्यात उभा राहून आपल्या कामाकडे बघत होता.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई भाचीकडे कोल्हापूरला राहायला गेल्या. पत्र लिहितात, माझी पत्रं लाल शाईनं दुरुस्त करून परतही पाठवतात, हा लेखही तसाच परत येईल. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. त्या टेबलाशी गेल्या नाहीत. मागच्या तीन बाकांपैकी एकावर, आम्ही झोपायचो तिथं, बदामी भिंतीला पाठ टेकून बसल्या. पिशवीतून काव आणि निळीची पुडी काढून बाकावर ठेवली. कुणीतरी उचलायला गेलं, तर म्हणाल्या, "थांब. आधी हजेरी."

"चिंचमळा?"

"हजर."

"तळ्याची पट्टी?"

"हजर, बाई." कांबळेनं मुलीला आणलं होतं.

अशी चाळीसेक नावं. कागद न बघता. त्या माझ्यापाशी शेवटी आल्या.

"गाढवलोळी?"

मी उठलो. "हजर. सॉरी बाई, मी..."

"चालत न्हाई."

कुणीतरी हसलं. प्राध्यापक होऊन वीस वर्षं झाली आहेत आणि त्या खोलीत मी हजारदा उभा राहिलो आहे. मी पहिल्या बाकावरच्या टोपीकडे पाहिलं, कारण ते पत्र त्यांनी वाचलं होतं.

"ही भिंत मी रंगवायला सांगितली," मी म्हणालो. "रंगाऱ्यानं मला आधी विचारलं होतं. नंतर मी सांगितलं की नकाशा शितोळे बाईंनी नेला. ते पत्र मीच लिहिलं. बाईंनी काहीही नेलं नव्हतं."